शिडाच्या मापाने वारा मोजणे

वाऱ्याचा जोर सांगण्याचे दोन मार्ग आहेत. वारा किती वेगाने वाहतो हे उपकरणाने मोजून सांगणे, हा एक. आणि तो वारा काय करून दाखवितो हे पाहून सांगणे, हा दुसरा. पहिला मार्ग वेधशाळेचा आहे. आयरिश शास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये फिरत्या वाट्यांचा वायुवेगमापक तयार केला, आणि त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही जगभरच्या वेधशाळांच्या छपरांवर फिरताना दिसतात. दुसरा मार्ग त्याहून कितीतरी जुना असून तो दर्यावर्दी लोकांचा आहे. ज्याला वाऱ्यावर पोट भरावयाचे आहे किंवा वाऱ्यापासून जीव वाचवावयाचा आहे, त्याला वाऱ्याचा नुसता वेग कळून भागत नाही. या वाऱ्यात आपले किती कापड टिकेल, हे त्याला कळावे लागते.

या प्रकरणात आपण दुसऱ्या मार्गाचा विचार करणार आहोत, आणि त्यासाठी विंडसर्फिंग या आधुनिक जलक्रीडेचा आधार घेणार आहोत. या खेळात एक माणूस, एक फळी आणि एक शीड एवढाच सरंजाम असतो. डोलकाठी फळीला सर्व दिशांनी वळणाऱ्या सांध्याने जोडलेली असते. खेळाडू शिडाला आडवी बसविलेली दांडी दोन्ही हातांनी धरून उभा राहतो आणि शीड पुढेमागे कलवून फळीला दिशा देतो. फळीला सुकाणू नसते. कॅलिफोर्नियातील हॉइल श्वाइट्झर आणि विमानविद्येचे इंजिनिअर जिम ड्रेक यांनी या रचनेच्या एकस्वासाठी १९६८ मध्ये अर्ज केला. १९८४ पासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, विंडसर्फिंगचे शीड पाण्यावर असताना लहान करता येत नाही. म्हणून नियमित खेळणाऱ्याजवळ सुमारे तीन चौरस मीटरपासून नऊ-दहा चौरस मीटरपर्यंत निरनिराळ्या मापांची तीन-चार शिडे असतात. पाण्यात उतरण्यापूर्वी किनाऱ्यावरच त्याला त्यांतील एक निवडावे लागते. शीड वाऱ्याच्या मानाने लहान पडले, तर फळी पाण्यात रुतल्यासारखी संथ चालते. ते मोठे पडले, तर वारा माणसाला उचलून पुढे फेकतो. निवड चुकल्याची शिक्षा तत्काळ आणि निवडणाऱ्यालाच मिळत असल्यामुळे ही निवड सहसा विचारपूर्वक केलेली असते. म्हणूनच पाण्यावर दिसणारे प्रत्येक शीड म्हणजे वाऱ्याविषयी कोणीतरी स्वतःच्या अंगावर जोखीम घेऊन दिलेले मत होय.

बोफर्ट यांचा मापक्रम

शिडावरून वारा ओळखण्याची कल्पना विंडसर्फिंगहून पुष्कळच जुनी आहे. हवामानवृत्तात आजही ज्याचा उल्लेख येतो, त्या बोफर्ट मापक्रमाचा जन्मच तिच्यातून झाला. फ्रान्सिस बोफर्ट हे ब्रिटिश नौदलातील अधिकारी. ‘वुलिच’ या जहाजाचे कप्तान असताना, १८०६ च्या जानेवारीत, त्यांनी आपल्या रोजनिशीत वाऱ्याच्या जोराला शून्यापासून चढते आकडे देण्याची पद्धत लिहून ठेवली. अशा श्रेणी त्यापूर्वीही होत्या. पवनचक्क्यांचा अभ्यास करणारे इंजिनिअर जॉन स्मीटन यांनी वाऱ्याच्या जोराचे वर्गीकरण केले होते. पवनचक्कीच्या पात्यांवरही कापडच ताणलेले असे आणि वारा वाढला की ते गुंडाळावे लागे, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

बोफर्ट यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी आकड्यांची सांगड लवकरच युद्धनौकेच्या शिडांशी घातली. पहिल्या चार पायऱ्या जहाजाच्या गतीवरून ठरत. जहाज सुकाणूला जेमतेम दाद देऊ लागले की एक; सर्व शिडे उभारून ताशी पाच-सहा सागरी मैल चालू लागले की चार. पाचव्या पायरीपासून प्रश्न उलटा होई. आता जहाज किती चालते असे न विचारता, ते किती शिडे सोसू शकते असे विचारले जाई. पाचव्या पायरीला सर्वांत उंचावरची हलकी शिडे अजून टिकत. सहाव्या पायरीला ती उतरवून खालची शिडे एका पट्टीने आखडावी लागत. सातव्याला दोन पट्ट्यांनी, आठव्याला तीन. अकराव्या पायरीला केवळ तुफानासाठी राखलेली छोटी तिकोनी शिडे उरत आणि बाराव्या पायरीपुढे कोणतेच कापड टिकत नसे. ‘बीगल’ जहाजाच्या १८३१ मध्ये सुरू झालेल्या सफरीत हा मापक्रम वापरला गेला आणि १८३८ मध्ये तो सर्व ब्रिटिश नौदलाला लागू झाला.

ज्या प्रकारच्या जहाजाला समोर ठेवून हा मापक्रम तयार झाला, त्याचा एक नमुना आपल्या मुंबईत बांधलेला आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानाची ‘त्रिंकोमाली’ ही तीन डोलकाठ्यांची युद्धनौका बांधली गेली आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरली. ती आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. तिच्या डोलकाठ्यांकडे पाहिले म्हणजे बोफर्ट यांच्या पायऱ्या जणू एखाद्या उभ्या पट्टीवर आखल्यासारख्या दिसतात. वारा वाढत जाई तशी वरची शिडे आधी उतरत, खालची मागाहून.

मात्र या मापक्रमात एक उणीव होती. त्याची पट्टी जहाजाचीच बनलेली असल्यामुळे जहाज बदलले की पट्टीही बदलणार, हे उघड होते. पुढे मोठ्या शिडांचे दोन भाग करण्याची पद्धत आली आणि तेवढ्याच वाऱ्यात तेवढीच शिडे असे समीकरण उरले नाही. १८७४ मध्ये व्याख्या सुधारून घ्याव्या लागल्या. त्यानंतर वाफेची जहाजे आली आणि शिडेच गेली. अखेर जॉर्ज सिम्प्सन यांनी १९०६ मध्ये या पायऱ्यांना वाऱ्याचे वेग आणि जमिनीवर दिसणारी लक्षणे जोडून दिली. धूर तिरपा होणे, पाने हलणे, छत्री सांभाळणे कठीण होणे ही त्यांतली काही लक्षणे होत. हेच सिम्प्सन त्या वर्षी भारतीय हवामान खात्यात सिमल्यास रुजू झाले. आज चौथी पायरी म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर, पाचवी २९ ते ३८, सहावी ३९ ते ४९ आणि सातवी ५० ते ६१ किलोमीटर, असे मानतात.

आपल्या समुद्रावरची रीत

युरोपीय जहाजात वारा वाढला की तेच शीड आखडून बांधीत. आपल्या पश्चिम समुद्रावर मात्र वेगळी रीत होती. तिरक्या लांब काठीला बांधलेले मोठे त्रिकोणी शीड हे अरबी समुद्रातील गलबतांचे वैशिष्ट्य. असे शीड आखडणे गैरसोयीचे असते. म्हणून या समुद्रात लांब पल्ल्याने जाणारी जहाजे लहानमोठी दोन किंवा अधिक शिडे बरोबर बाळगीत. हलक्या वाऱ्यात मोठे शीड चढवावयाचे. वारा वाढला किंवा रात्र पडून वादळाची चिन्हे दिसू लागली, की काठी खाली घेऊन लहान शीड बांधावयाचे. हे काम सोपे नसे. डोलत्या जहाजावर जड काठी उतरविण्यास अनेक हात लागत आणि तो निर्णय वेळेवर घेणे ही तांडेलाची मुख्य कसोटी असे.

आता विंडसर्फिंगचा खेळाडू काय करतो, ते आठवून पाहावे. तोही शीड आखडीत नाही, ते बदलतो. साधने सर्वस्वी निराळी असूनही त्याची रीत बोफर्ट यांच्या युद्धनौकेपेक्षा आपल्या गलबताला अधिक जवळची आहे. आखडण्याची पद्धतही अर्थात जिवंत आहे. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये मुंबईहून निघून, गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. अशा नौकेवर एकट्या माणसाला मुख्य शीड पट्टीपट्टीने कमी करता येते. जो ते वारा वाढण्यापूर्वी करतो तो सुखरूप राहतो. वारा वाढल्यावर करू पाहणाऱ्यास फार कष्ट पडतात.

शीड हा उभा पंखच

शिडाचे माप आणि वाऱ्याचा जोर यांचा संबंध नेमका कसा आहे, हे समजण्यासाठी शीड म्हणजे उभा केलेला पंख होय, हे लक्षात घ्यावे लागते. पंखावर पडणारा जोर तीन गोष्टींवर अवलंबून असतो: हवेची घनता, पंखाचे क्षेत्रफळ आणि हवेच्या वेगाचा वर्ग. हा विषय आपल्या देशात शास्त्रशुद्ध रीतीने शिकविला जाऊ लागला तो बंगळूरमध्ये. भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये विमानविद्येचा विभाग सुरू झाला. त्याच्या उभारणीत कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे यांचा मोठा वाटा होता. गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले होते. पुढे त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले ‘एचटी-२’ हे विमान १९५१ मध्ये बंगळूरच्या आकाशात उडाले. विमानाचा पंख आणि नौकेचे शीड यांचे गणित एकच आहे. फरक इतकाच की पंख विमानाला वर उचलतो आणि शीड नौकेला पुढे ओढते.

या गणितातील वेगाचा वर्ग हा भाग फार महत्त्वाचा आहे. ताशी २० किलोमीटर वेगाचा वारा आडवा धरलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दोन किलोग्रॅम वजनाइतका दाब देतो. वेग दुप्पट होऊन ताशी ४० किलोमीटर झाला की दाब दुप्पट न होता चौपट, म्हणजे जवळजवळ आठ किलोग्रॅम होतो. वारा ‘थोडासाच वाढला’ असे वाटत असता हातातील शीड एकाएकी अनावर होते, त्याचे कारण हेच.

हवेच्या घनतेचाही प्रभाव बंगळूरमध्ये चांगला दिसून येतो. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच आहे. तेथील हवा किनाऱ्यावरील हवेपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी विरळ असते. शहराच्या मध्यभागी, लष्कराच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपच्या केंद्रालगत हलसूरचा तलाव आहे. त्याच तलावावर आणि गोव्याच्या समुद्रावर वायुवेगमापकाने एकच वेग दाखविला, तरी तलावावरील शिडाला मिळणारा जोर तेवढ्याने कमी भरेल. तो भरून काढण्यास जवळजवळ तेवढेच अधिक कापड लागेल. वेधशाळेचा आकडा दोन्ही ठिकाणी सारखाच, शिडाचे मत मात्र वेगळे. आणि नाविकाच्या दृष्टीने शिडाचेच मत खरे, कारण त्याला वेगाशी नव्हे तर जोराशी सामना करावयाचा असतो.

एक सोपा नियम

विंडसर्फिंग करणाऱ्यांमध्ये अनुभवातून तयार झालेला एक ठोकताळा प्रचलित आहे. आपल्या नेहमीच्या मापांत तो असा मांडता येईल: खेळाडूच्या किलोग्रॅममधील वजनाची अडीचपट करावी आणि त्या संख्येस वाऱ्याच्या ताशी किलोमीटर वेगाने भागावे, उत्तर येईल तितके चौरस मीटर शीड त्याला योग्य. ७५ किलो वजनाच्या माणसाला ताशी २८ किलोमीटरच्या वाऱ्यात ६.७, ३७ किलोमीटरच्या वाऱ्यात सुमारे ५ आणि ५६ किलोमीटरच्या वाऱ्यात सुमारे ३.३ चौरस मीटरचे शीड लागते. नियम उलट फिरविला की शिडावरून वारा मिळतो: वजनाच्या अडीचपटीला शिडाच्या क्षेत्रफळाने भागावे.

चिकित्सक वाचकाला येथे शंका येईल. जोर जर वेगाच्या वर्गाने वाढतो, तर वारा दुप्पट झाल्यावर शीड एकचतुर्थांश करावयास हवे. येथे ते निम्मेच कसे होते? याची दोन उत्तरे आहेत. शीड लहान झाले की त्याची उंचीही कमी होते आणि माणसाला उलथून पाडणारा जोर अधिक खालच्या बिंदूवर येतो. निम्म्या क्षेत्रफळाच्या शिडाची उंची मूळच्या सुमारे सात दशांश राहते. चौपट दाब, निम्मे कापड आणि सात दशांश उंची यांचा गुणाकार केला, तर उलथविण्याचा जोर मूळच्या सुमारे १.४ पटच भरतो. उरलेला भार खेळाडू शीड अधिक सपाट ताणून, त्याचा वरचा भाग वाऱ्याबरोबर वळू देऊन आणि आपले शरीर पाण्यावर अधिक कलवून सांभाळतो. म्हणजे हा ठोकताळा केवळ वाऱ्याचा नसून माणसाच्या शरीरयंत्राचाही आहे.

किनाऱ्यावरून वाचन कसे करावे

गोव्यात दोना पावलसारख्या ठिकाणी, फेब्रुवारी ते मे या काळात दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो. अशा वेळी पाण्यावरील शिडे पाहून वाऱ्याचा अंदाज बांधावयाचा झाल्यास पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, एका शिडावरून निष्कर्ष काढू नये. पाच चौरस मीटरचे शीड ६० किलोच्या माणसाच्या हाती असेल तर वारा ताशी ३० किलोमीटर, आणि ९० किलोच्या माणसाच्या हाती असेल तर ४५ किलोमीटर असा अर्थ होतो. बोफर्ट यांच्या मापक्रमात पहिला वारा पाचव्या पायरीचा, दुसरा सहाव्या पायरीचा. आठ-दहा जण पाण्यावर असतील, तर त्यांच्या शिडांचे मधले माप धरावे. वजनातील फरक त्यात बराचसा मिटून जातो.

दुसरी गोष्ट, शिडापेक्षा शीड धरणारा कसा चालला आहे हे पाहावे. फळी पाण्यावरून घसरत, मागे पांढरी रेघ सोडीत जात असेल आणि खेळाडू स्थिरपणे बाहेर कलून उभा असेल, तर शीड वाऱ्याला जुळते आहे. तो वारंवार शीड सैल सोडीत असेल, तर वारा शिडाच्या मापावरून वाटतो त्याहून अधिक आहे. तो ताठ उभा राहून शीड पुन्हापुन्हा हवेत ओढून घेत असेल, तर वारा कमी पडला आहे.

तिसरी गोष्ट, शर्यत चालू असेल तर मापावरून काहीच ठरवू नये. ऑलिंपिक प्रकारात शीड नियमानेच ठरलेले असते. २००८ ते २०२० या काळातील ऑलिंपिक प्रकारात सर्व पुरुषांना ९.५ आणि सर्व स्त्रियांना ८.५ चौरस मीटरचे शीड होते, मग वारा कितीही असो. जेथे निवड नाही, तेथे मतही नाही.

चौथी गोष्ट, फळीच्या खाली पाहावे. अलीकडे फळीखाली पाण्यात बुडणारा पंख लावतात. वेग आला की तो फळीला पाण्याबाहेर उचलून धरतो. पाण्याचा विरोध कमी झाल्यामुळे अगदी मंद वाऱ्यातही अशी फळी वेगाने जाते आणि वरील ठोकताळा तिला लागू पडत नाही. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये हाच प्रकार होता. बोफर्ट यांच्या हयातीनंतर शिडांची रचना बदलून त्यांच्या व्याख्या जशा जुन्या झाल्या, तसेच हे आहे. ज्या वस्तूने आपण मोजतो ती वस्तू बदलली, की मापही नव्याने ठरवावे लागते.

शेवटची गोष्ट उंचीची. वेधशाळेचा वारा जमिनीपासून दहा मीटर उंचीवर मोजण्याचा संकेत आहे. विंडसर्फिंगच्या शिडाचा मध्य पाण्यापासून दोन-अडीच मीटरवर असतो आणि तेथे वारा पंधरा-वीस टक्क्यांनी मंद असतो. म्हणून शिडावरून आलेला आकडा आणि हवामानवृत्तातील आकडा यांत थोडा फरक पडल्यास दोन्हीपैकी एक खोटा आहे असे समजण्याचे कारण नाही. तलावावर तर झाडे आणि इमारती यांमुळे वारा झोतांनी येतो. दोन झोतांच्या मधल्या शांततेसाठी निवडलेले शीड झोतात मोठे ठरते, आणि झोतासाठी निवडलेले शांततेत लहान.

या मापाची किंमत

इतक्या अटी असताना शिडावरून वारा ओळखण्याचा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, मोबाइल दूरध्वनीवर वाऱ्याचा आकडा घरबसल्या मिळू लागल्यापासून, त्या आकड्याचा अर्थ कळल्याशिवायच पाण्यात उतरणाऱ्यांची सोय झाली आहे. ‘ताशी ४० किलोमीटर’ हा आकडा नवख्याला काही सांगत नाही. परंतु समोरचे अनुभवी लोक सहा चौरस मीटरची शिडे उतरवून साडेचारची चढवीत आहेत, हे दृश्य त्यालाही समजते.

विशेषतः सकाळच्या मतलई वाऱ्यात, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्यात, ही सावधगिरी अधिक आवश्यक असते. किनाऱ्यावरील माड, घरे आणि टेकड्या यांच्या आडोशाने काठाशी वारा मंद भासतो, पाणीही सपाट दिसते. काही अंतर बाहेर गेल्यावर तोच वारा मोकळा होतो आणि मोठे शीड घेऊन गेलेल्या माणसाला जमिनीपासून दूर ढकलीत नेतो. अशा वेळी काठावर उभे राहून घेतलेला अंदाज, मग तो गालावर घेतलेला असो की हातातील उपकरणाने, फसवा ठरतो. बाहेर असलेल्या शिडांचे माप, आणि ती शिडे किती वेळा पाण्यात पडतात, हीच तेथील खरी बातमी.

किनाऱ्यावर उभे राहून वारा वाचणाऱ्याने म्हणून एक लक्षण सर्वांत आधी शोधावे. कोणी पाण्यातून परत येऊन शीड बदलीत आहे काय, आणि बदलीत असल्यास लहान चढवीत आहे की मोठे? एक माणूस लहान शिडासाठी परत आला, तर तो त्याचा स्वभाव असू शकेल. तीन-चार जण पाठोपाठ परत आले, तर वारा वाढत आहे असे निश्चित समजावे आणि ज्याला अजून पाण्यात उतरावयाचे आहे, त्याने आपले शीडही त्या मानाने निवडावे. किंवा सर्वांत लहान शीडही मोठे वाटत असेल, तर त्या दिवशी किनाऱ्यावरच राहावे.